डबा समितीच्या ताब्यात राहील

आमच्या भंडारा जिल्ह्यात माणूस भातावर जगतो आणि पोळीवर पाहुणा होतो. घरचेच कोणी आले तर वरण-भात पुढे येतो. मान द्यायचा असला की कणीक मळली जाते. साक्षगंध असो, बारसे असो, तेरवी असो, पंगतीत पुरी नसली तर त्या यजमानाचे नाव पुढची कित्येक वर्षे त्या पुरीवाचून घेतले जात नाही. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी जेव्हा मला सांगितले की गभणे, तुम्हाला सिलिॲक नावाचा आजार आहे, गव्हातले ग्लुटेन तुमच्या आतड्याला चालत नाही, कणभरही पोटात जाता कामा नये, तेव्हा त्यांना वाटले असेल की आपण या माणसाचे जेवण बंद केले. जेवणाला काय धाड भरली आहे? धानाच्या मुलखात बसलो आहे मी. त्यांनी माझा मान बंद केला.

त्यातून हा आजार कोणाला दिसत नाही. शुगरवाल्याला लोक बिनसाखरेचा चहा देतात, बीपीवाल्याला लोणचे वाढत नाहीत. मला विचारतात, "गहू बंद का? बरं, मंग सोजी चालते ना?" सोजी गव्हाचीच असते म्हटले की "मंग मैदा?" मैदाही नाही म्हटले की समोरचा माणूस आवाज उतरवून म्हणतो, "बिस्किट तर चालत असन."

आता मुद्द्याचे. मला कीर्तनाचे वेड आहे. तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बडेबाबू आहे, पण ती झाली नोकरी. माझी खरी जागा आंबागडच्या सप्ताहात, महाराजांच्या मागे, टाळकऱ्यांच्या ओळीत, उजवीकडून तिसरी. किल्ल्याच्या पायथ्याशी मंडप पडतो, मृदंगावर कणीक चढते (हो, तिथेही कणीकच), महाराज पहिली चाल उचलतात, आणि माझ्या हातातले टाळ आपोआप बोलू लागतात. वर्षभर साहेबांची बोलणी, पोरांचे दाखले, बोनाफाईडचे शिक्के हे सगळे मी सप्ताहाच्या शेवटच्या, काल्याच्या त्या एका दिवसाच्या भरवशावर सहन करतो.

गेल्या वर्षी मी तिथे एक प्रयोग केला. प्रश्न असा होता की देवापुढे ठेवल्यावर शिऱ्यात ग्लुटेन उरते, की त्याचाही प्रसाद होऊन जातो. शेजारच्या बायजाबाईंचे मत स्पष्ट होते, "प्रसाद बाधत नाही कोणाले." मलाही ते पटले. न पटायला मी कोण? मी दोन द्रोण खाल्ले. ग्लुटेन उरते. होळीपर्यंत अंथरुणात पडून मी या निष्कर्षावर आलो. रक्त उतरले, हाडे बोलू लागली, आणि डॉक्टर म्हणाले की आतड्याचे अस्तर पुन्हा असे सोलले गेले तर ते परत येईलच याची हमी मी देत नाही.

या वर्षी सप्ताहाच्या आधी भूपेंद्रचा फोन आला. भूपेंद्र हा सप्ताह समितीचा सचिव. त्याचे खताचे दुकान आहे आणि कोणाचे मन मोडायचे नाही असा त्याचा बाणा आहे.

"इश्वरभाऊ, काल्याच्या दिवशी काकड्यापासून आरतीपर्यंत उभं राहा लागते. तुमच्यानं होते का नाही थे पक्कं सांगा. बपेऱ्याचा प्रितम तयार आहे. चांगला वाजवते. अर्ध्यातून उठून गेले त तुमची जागा बुजली म्हणून समजा, मंग मले बोल लावू नका."

मी म्हटले, होते. फोन ठेवल्यावर रुपाकडे पाहिले. रुपा म्हणजे आमची सौभाग्यवती.

"जा," ती म्हणाली. "पन दिवसभराचं घरून न्या, अन् तेवढंच खा. नाही तर तुमचे टाळ भांडेवालीले देऊन दोन वाट्या घेईन मी."

म्हणजे सगळा प्रश्न एका डब्याचा होता. सकाळी मुरमुऱ्याचा चिवडा, दुपारी तांदळाचे आयते, बरबटीची भाजी, जवसाची चटणी, संध्याकाळी दहीभात. आयते म्हणजे आपल्याकडची तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, बरबटी म्हणजे चवळी. यात गहू कुठे आहे? कुठेच नाही. असे मलाही वाटत होते.

गहू पहिल्यांदा चक्कीत निघाला. धान पिकवणाऱ्या मुलखात तांदूळ दळायला कोण नेतो? तो शिजवून खातात. चक्कीवर येतो तो गहूच. दगडाच्या खाचेत, सुपात, टिकाराम चक्कीवाल्याच्या भुवयांत, सगळीकडे गहू. मी त्याला म्हटले, "टिकाराम, उद्या सकाळी चक्की झाडून-पुसून माहे तांदूळ पयले दळून देशील का?"

"काहून जी? चक्कीले विटाळ झाला का?"

"विटाळ नाही बाबू, गहू."

"गहू म्हणजे विटाळ झाला का आता?" त्याने पट्टा सोडला आणि चक्की बंद केली. दळण घेऊन आलेल्या चार बाया माझ्याकडे पाहू लागल्या. "माह्या बापापासून सारं गाव याच चक्कीवर दळते, बडेबाबू. कोणी आजपावतर मेलं नाही."

मी त्याला आतड्याचे अस्तर समजावून सांगितले. बायांनीही ऐकून घेतले. शेवटी तोड निघाली ती अशी की आधी थोडे तांदूळ असेच दळायचे म्हणजे दगडातला गहू त्यांच्याबरोबर निघून जाईल, ते पीठ टाकून द्यायचे, आणि मग माझे दळायचे. सकाळी गेलो तर पिशवी भरून तयार. पीठ जरासे तांबूस वाटले.

"पयले निघालेलं कुठं आहे?"

"त्याच्यातच आहे ना जी. फेकाचं कसं? अन्न होय थे. म्या चांगलं मिसळवून देलं."

मला रागावता येईना. अन्नाला पाय लागू देऊ नये, दाणा वाया घालवू नये, हे मीच त्याला एकादशीच्या भजनात सांगत आलेलो. शिकवलेले एवढे मुरेल असे वाटले नव्हते.

ते पीठ बायजाबाईंना दिले. त्या भिंतीपलीकडे राहतात आणि भिंत त्यांना फक्त कमरेपर्यंत लागते. पीठ घेऊन त्यांनी मोबदल्यात सल्ला दिला. एक, कणकेत ओवा टाकून खाऊन पाहा. दोन, दुकानचा गहू सोडा, गावरान गहू खा, त्याला असले चाळे येत नाहीत. तीन, त्यांच्या जावयालाही अगदी हेच झाले होते, तंबाखूचा खर्रा सोडला तर दुखणे बसले. मी खर्रा खात नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग धरून पाहा." दोन दिवसांत साऱ्या गल्लीला कळले की इश्वरभाऊंना पीठ चावते.

त्यानंतर हिंग. बरबटीला हिंगाची फोडणी लागते. रुपाने डबी पुढे केली. मी चष्मा लावला, मग भिंग आणले. डबीच्या पाठीवर पहिल्या ओळीत गव्हाचे पीठ होते, मग डिंक, आणि सर्वांत शेवटी, जागा उरली म्हणून टेकल्यासारखे, हिंग. पन्नास वर्षे आपण हिंग म्हणून काय खाल्ले हे ज्याला उतारवयात कळते त्याचा मग कशावर विश्वास राहायचा? बेसनाच्या पुड्याकडे मी पाहिलेच नाही.

"बिनाहिंगाची करते," रुपा म्हणाली. "अन् पिठाचा नाद सोडा. तांदूळ भिजवून मिक्सरात वाटते म्हणून मी सोमवारपासून सांगून राहिली."

सांगत असेल. मी सोमवारपासून चक्कीत होतो.

डबा झाला, आता तो नेण्याची परवानगी. आंबागडला मंडपाच्या दाराशी पाटी आहे: बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. ही पाटी एका भक्तामुळे लागली, जो डब्यातून खर्रा आणून कीर्तनात वाटत असे. भूपेंद्र म्हणाला, "तुमाले कोण नाही म्हणते भाऊ? पन नियम सगळ्याले एक. अर्ज देऊन टाका, मी पाहतो."

बडेबाबूने अर्ज केला. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज ज्या टेबलावरून मी परत केले, त्याच टेबलावर बसून केला. तो परत आला. त्यात 'विषय' लिहायचा राहिला होता. ही चूक माझ्या हातून व्हावी याचे मला आजाराइतकेच दुःख झाले. दुसऱ्यांदा अर्ज गेला तेव्हा डॉक्टरांचा दाखला इंग्रजीत आहे म्हणून परत आला. मी त्याचे मराठी केले, शिक्का मारला. तेव्हा समितीने विचारले की भाषांतर अर्जदारानेच केले असेल तर ते खरे कशावरून?

शेवटी बैठकीला बोलावले. सगळे ओळखीचे चेहरे, ज्यांच्या मांडीला मांडी लावून मी वर्षानुवर्षे जेवलो. मी ग्लुटेन सांगितले. सगळ्यांनी ऐकले. मग मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या सदस्याने बिडी विझवली आणि विचारले, "भाऊ, तुमी गहू नाही खात का आमच्या हातचं नाही खात, थे एक डाव फोडून सांगा."

मी पुन्हा आतड्यापासून सुरुवात केली. म्हातारा मान हलवत राहिला. त्याच्या मनातून ते गेले नाही हे मला दिसत होते.

ठराव झाला. तो मला पाठ आहे. 'अर्जदारास स्वतःचे अन्न स्वतः खाण्याची परवानगी देण्यात येत आहे. मंडपात उघड्यावर खाऊ नये. डबा समितीच्या ताब्यात राहील व मागणीनुसार देण्यात येईल.'

हे मी ऑफिसात सांगितले तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सुगत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सुगत तरुण आहे, हुशार आहे, बुद्धविहाराच्या वाचनालयाचे काम पाहतो आणि माझ्या कीर्तनवेडाची थट्टा करायचा त्याला पूर्ण अधिकार आहे असे आम्ही दोघेही मानतो.

"बडेबाबू," तो म्हणाला, "तुमी अर्ज करून वेगळं भांडं मागून राहिले. आमच्या आजोबाले थे बिनाअर्जानं भेटे."

मीही हसलो. हसता हसता थांबलो. त्याने माझा चेहरा पाहिला आणि चहा मागवला, पण बोललेले मागे घेतले नाही. उलट कप माझ्याकडे सरकवत म्हणाला, "पाहा बरं तिथं. वेगळं भांडं असलं की लोक आपल्या ताटाकडे पाहून नाही जेवत, त्या भांड्याकडे पाहून जेवतात."

काल्याच्या दिवशी रुपा माझ्या आधी उठली. अंघोळ करून तिने नव्या कढईत, नव्या सराट्याने सगळे केले. देवाच्या नैवेद्याला आमच्या घरी इतके सोवळे कधी पाळले गेले नव्हते. एकावर एक तीन ताळांचा नवा स्टीलचा डबा, वर धुतलेला पंचा बांधलेला, गाठीत चिठ्ठी खोचलेली: इश्वर गभणे, गहू नाही. गाडीच्या हँडलला पिशवी अडकवून मी निघालो. थंडी होती. धान कापून झालेल्या बांध्यांवर धुके बसले होते आणि मी रस्ताभर काकड्याच्या चाली म्हणत होतो. माणूस इतक्या सुखात असला की त्याने जरा सावध व्हावे.

डबा मी नियमाप्रमाणे जमा केला. मंदिराशेजारची खोली समितीकडे होती. मनिष नावाच्या सदस्याने डबा कोपऱ्यात ठेवला, कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली. काकडा झाला. भूक लागली. चिवडा मागायला गेलो तर मनिष नाही. दिंडीत सगळ्यांच्या पुढे भगवी पताका घेऊन तोच. त्याच्या मागे अर्धे गाव, गावामागे मी. दिंडीतून पुढे घुसून पताकावाल्याकडे चिवडा मागायचा, ही मागणी कोणत्याच ठरावात बसत नव्हती.

दारोदारी दिंडी थांबत होती. पायांवर पाणी, कपाळाला गंध, हातात काहीतरी खायला. चंद्रभागाबाईंच्या दारात सोजीचा शिरा होता. चंद्रभागाबाई म्हणजे आम्हा टाळकऱ्यांची सप्ताहापुरती आई. माझा द्रोण त्यांनी वेगळा, काठोकाठ भरून ठेवला होता.

"घे बाबू. वाळला किती तू."

"मागाहून घेतो, माय."

"मागाहून काहून? गरम आहे तं खा."

दिंडी पुढे सरकली म्हणून मी सुटलो. मागे वळून पाहिले तेव्हा त्या तो द्रोण हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

परत आलो तो मृदंग लागलेला. महाराज उभे राहिले. मनिष दिसत होता, किल्ली दिसत होती, पण टाळ गळ्यात पडले होते आणि ओळीतून हलायचे नाही हा शब्द मी दिला होता. मी ठरवले, कीर्तन संपले की खाऊ.

आता या कीर्तनाबद्दल मी वाईट बोलणार नाही. हे महाराज तरुण, आवाज उसाच्या रसासारखा, आणि चाल अशी चढवत की पोटातली भूक वर येऊन टाळांत शिरावी. मी वाजवत होतो. प्रितमही आलेला होता, पहिल्या रांगेत श्रोत्यांत बसून माझ्या हातांकडे पाहत होता. मी त्याला पाहायला काही शिल्लक ठेवले नाही.

प्रसंग अर्थातच काल्याचा. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, देवाने सगळ्या एक केल्या, कोणाचे काय ते ओळखू येईना, आणि मग सगळे जेवले. आंबागडला हे नुसते सांगत नाहीत, करतात. घराघरातून शिदोरी येते: लाह्या, पोहे, दही, आणि मानाचे म्हणून पुऱ्या, रव्याचे लाडू. समिती सगळे एका मोठ्या गंजात ओतते, कालवते. कोणाची शिदोरी वगळली जाऊ नये यावर भूपेंद्रचे जातीने लक्ष असते. त्या शिदोऱ्या त्या दिवशी समितीच्या खोलीत ठेवल्या होत्या. हे मला सकाळी सुचायला हवे होते.

कीर्तन रंगात असताना भूपेंद्र पुढे आला आणि महाराजांच्या कानाशी लागला. महाराज हसले. म्हणाले, "माउली, एक ताजा दृष्टांत सांगतो."

मी टाळ छातीशी धरून कान दिला. मला दृष्टांत फार आवडतात.

"एक भक्त. मोठा प्रेमळ. टाळकरी." मी मान डोलावली. "पण मनात एक भेद धरून बसला. म्हणे, मी सगळ्यांबरोबर जेवणार नाही, माझं वेगळं." काय ही माणसे, असे मनात म्हणून मी पुन्हा मान डोलावली. "त्यानं रीतसर अर्ज केला." इथे माझी मान थांबली.

"समितीनं डबा कुलपात ठेवला. पण देवाला कुलूप कोण लावणार? आज काल्याच्या शिदोऱ्या ओतताना सचिवाच्या हाती एक डबा आला. वर भक्ताचं नाव. सचिव म्हणाला, अरे, यांची शिदोरी कशी सुटेल? आणि ओतला." महाराजांनी दोन्ही हात पसरले. "भक्तानं वेगळा ठेवला, देवानं एक केला. तो भक्त इथेच उभा आहे."

मंडप टाळ्यांनी भरला. बाया डोळे पुसत होत्या. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. ज्या म्हाताऱ्याने मला आमच्या हातचे खात नाही का म्हणून विचारले होते तो उठून माझ्या पाया पडला आणि मी त्याच्या पडलो. इतके प्रेम मला उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते, आणि रुपाचे आयते कोणाच्या तरी पुऱ्यांत कालवले गेले होते.

भूपेंद्र जवळ आला. त्याचा चेहरा उजळला होता. मी हळूच म्हटले, "भूपेंद्र, चिठ्ठीवर लिहिलं होतं ना."

"नाव पाहूनच त ओतला, भाऊ."

"आता मी खाऊ काय?"

"काला." त्याला प्रश्नच कळला नाही. "तुमचाच डबा आहे ना त्याच्यात. आता काहून भेव?"

दहीहंडी फुटली. महाराजांनी गंजात हात घातला. काल्याच्या दिवशी महाराज टाळकऱ्यांना आपल्या हाताने भरवतात. तोंडात घालतात, आईने घालावे तसे. उजवीकडून पहिला झाला, दुसरा झाला. घास माझ्यासमोर आला. त्यात लाह्या होत्या, दही होते, आणि वर पुरीचा एक तुकडा, दह्याने फुगलेला. नामघोष चालू होता. माझे तोंड नामाने उघडे होते. ते मी मिटले.

"घ्या, माउली."

"महाराज, मले चालत नाही."

ते हळू बोललो होतो, पण महाराजांच्या गळ्यात माईक होता. मागच्या भोंग्यातून, किल्ल्यापर्यंत, माझा आवाज गेला: मले चालत नाही.

नाम थांबले. महाराज वाईट माणूस नाहीत. त्यांनी घास माझ्या तळहातावर ठेवला आणि पुढे गेले. मी तो कपाळाला लावला. आता त्याचे काय करायचे? खाता येत नाही, खाली ठेवता येत नाही. मागे चंद्रभागाबाई होत्या. मी वळून हात पुढे केला.

"माय, तुमी घ्या."

त्यांनी पदराखाली हात ओढून घेतले. "तुले नाही चालला थो मले कायले देतं, बाबू? सकाळचाही नाही चालला."

आरती सुरू झाली. टाळ वाजवायला दोन हात लागतात, माझ्याकडे एक उरला होता. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट, बोटांतून दही मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. जमिनीवर थेंब पडू नये म्हणून मी हात वर धरला, तेव्हा ते बाहीत शिरले. प्रितम रांगेतून उठला. त्याने माझ्याकडे पाहून मान झुकवली, फार अदबीने माझ्या गळ्यातली टाळांची दोरी काढून घेतली आणि माझ्या शेजारी उभा राहून वाजवू लागला. चांगला वाजवतो. मी एक पाऊल मागे झालो. त्यालाही जागा लागत होती.

आरतीनंतर भूपेंद्र माझा डबा घेऊन आला. घासूनपुसून लखलखीत.

"ठेवा याच्यात," तो म्हणाला. मी मूठ सोडली. त्यावर त्याने गंजातला काला ओतला, तिन्ही ताळ भरले, झाकण लावले, पंचाही बांधला. "वहिनीले द्या. अन् भाऊ, पुढच्या साली काकड्यापुरते येत जा. दिवसभर कायले तरास करून घेता?" तो हे मनापासून म्हणत होता. त्याने माझा खांदाही थोपटला.

गाडीवरून येताना मी चाली म्हटल्या नाहीत. दही गळू नये म्हणून हळू चालवली.

रुपा दारातच होती. पिशवी हातात घेताच तिला वजन कळले.

"खाल्लं नाही?"

"काला आहे. त्यांनी भरून देला. आपला त्याच्यात मिसळला."

तिने माझा दह्याने कडक झालेला सदरा पाहिला. "हातपाय धुवा, भात टाकते," म्हणाली, आणि डबा आत न नेता अंगणातल्या दगडावर ठेवला. घरात गव्हाचा कण येऊ द्यायचा नाही हा नियम माझाच.

भात झाला. मी चार वेळा वाढून घेतला. दिवसभराचा अपमान आणि दिवसभराची भूक यांत भूक मोठी निघाली, हे मला आवडले नाही, पण निघाली. ताक मागायला हाक मारली तर रुपाचे उत्तर आले नाही.

ती अंगणात होती. दगडावर, माझ्याकडे पाठ करून, डबा मांडीवर घेऊन बसलेली. वरचे दोन ताळ रिकामे होऊन बाजूला पडले होते. तिसऱ्यातले ती बोटांनी निवडून खात होती, आधी पुरीचे तुकडे, मग लाडवाचे, आणि लाह्या शेवटी. मला आठवले की माझा आजार निघाल्यापासून हिने लग्नाघरची पंगत घेतली नाही. कोणी आग्रह केला की "यायले चालत नाही, मी एकटी कशी बसू" म्हणून उठून यायची. मी ते चारचौघांत कौतुकाने सांगत असे. एका पोळीला ही वर्षाहून जास्त मुकली असेल हे माझ्या डोक्यात आले नव्हते. माझ्या डोक्यात माझे आतडे होते.

मी दारात खाकरलो. तिने वळून पाहिले नाही. डब्याच्या तळाला बोट फिरवले, ते चाटले, आणि आणखी एकदा फिरवले.

"इतकाच देला का जी त्यांनी?"